क्षमा, माफी आणि दया : शब्दांचे अर्थ आणि कायद्याचे नियम

मराठी माणूस दिवसातून किती तरी वेळा माफी मागतो. गर्दीतून वाट काढताना ‘माफ करा’ म्हणतो, दारावर आलेल्या याचकाला रिकाम्या हाती परत पाठवतानाही ‘माफ करा बाबा’ म्हणतो. हिशेबाच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ लिहितो आणि पूजेच्या शेवटी हात जोडून क्षमाप्रार्थना करतो. कार्यक्रम पुढे ढकलला गेला की सूचनाफलकावर ‘क्षमस्व’ लागते. वृत्तपत्रातून ‘दयेचा अर्ज’, ‘माफीचा साक्षीदार’, ‘बिनशर्त माफी’, ‘शिक्षेत सूट’ हे शब्द भेटतात. हे सगळे शब्द एकाच कुळातले वाटत असले तरी त्यांचे अर्थ एक नाहीत.

शब्दांतला हा फरक घरातल्या माणसांना कधी कधी फार महागात पडतो. मारहाण झालेल्या मुलाच्या वडिलांना नातेवाईक सांगतात, ‘माफ करून टाका, म्हणजे केस संपेल.’ पण काही गुन्ह्यांत फिर्यादीने माफ केले तरी केस संपत नाही आणि काही गुन्ह्यांत त्याच्या एका सहीने संपते. उलट बाजूने पाहिले तर शासनाने शिक्षा माफ केली म्हणजे आपणही अपराध्याला क्षमा करायला हवी, असे दडपण पीडित कुटुंबावर येते. म्हणून आधी हे शब्द आणि मग त्यांच्यामागचे कायदे समजून घेऊ.

क्षमा : सोसण्याची ताकद

‘क्षमा’ हा शब्द संस्कृत ‘क्षम्’ या धातूपासून आला. या धातूचा अर्थ सहन करणे, सोसणे, तसेच समर्थ असणे. म्हणून क्षमा, क्षमता, सक्षम, अक्षम ही सगळी भावंडे आहेत. ज्याच्या अंगी सोसण्याचे बळ आहे तोच क्षमा करू शकतो, हा अर्थ शब्दाच्या मुळातच आहे. संस्कृतात पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हणतात, कारण ती सर्व काही सोसते. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत क्षमा येते आणि मनुस्मृतीत धर्माची जी दहा लक्षणे सांगितली आहेत त्यांतही ती आहे. या दोन्ही ठिकाणी क्षमा हा करणाऱ्याचा गुण आहे. समोरच्याने ती मागितली आहे की नाही, त्याची तेवढी लायकी आहे की नाही, याचा तिथे विचार नाही.

‘क्षम्य’ म्हणजे क्षमा करण्याजोगे आणि ‘अक्षम्य’ म्हणजे सोसण्यापलीकडचे. ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ म्हणतो तेव्हा शिक्षा किती व्हावी हे आपण सांगत नसतो, हे आम्हाला सोसवत नाही असे सांगत असतो.

‘क्षमस्व’ या रूपाविषयी एक खुलासा करायला हवा. हे संस्कृत क्रियापद आहे, आज्ञार्थाचे, द्वितीय पुरुषाचे आणि एकवचनी. त्याचा अर्थ ‘तू क्षमा कर’. त्यामुळे ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे चालते, पण ‘आम्ही क्षमस्व आहोत’ हे चालत नाही. ‘आम्ही तू क्षमा कर आहोत’ असा त्याचा अर्थ होईल. तिथे ‘आम्ही क्षमाप्रार्थी आहोत’ किंवा साधे ‘क्षमा करावी’ म्हणावे. मंडळाच्या पत्रकांत आणि निमंत्रणांत ही चूक सहज होते, म्हणून मुद्दाम नोंदवले.

माफी : मोकळे करणे

‘माफ’ हा शब्द मूळचा अरबी, आणि तो फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ ‘सूट मिळालेला, मोकळा केलेला’. म्हणूनच मराठीत माफीचा संबंध अपराधाइतकाच देण्याघेण्याशी राहिला. शेतसारा माफ होतो, शाळेची फी माफ होते, व्याज माफ होते, टोल माफ होतो. यांत कोणाचाही गुन्हा नसतो. एक देणे असते आणि ते वसूल करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो ते सोडून देतो. ग्वाल्हेरकडच्या मंडळींना ‘माफीची जमीन’ हा शब्द परिचित आहे. देवस्थानाला किंवा एखाद्या घराण्याला साऱ्याची सूट देऊन दिलेली ती जमीन.

जुन्या मराठी व्यवहारात ‘तकसीर माफ’ असा प्रयोग आढळतो. तकसीर म्हणजे अपराध. इथेही कल्पना तीच आहे. अपराध्याकडून शिक्षेच्या रूपाने काही येणे आहे आणि सरकार ते सोडून देत आहे. ‘सात खून माफ’ या बोलीतला माफही हाच. त्यात मरण पावलेल्यांच्या घरच्यांना काय वाटले, हा प्रश्न कुठेच नाही.

माफी या शब्दात दोषाची छटा मिसळली की काय होते, याचे चांगले उदाहरण शेतकऱ्यांच्या कर्जाचे आहे. सरकार ज्याला ‘कर्जमाफी’ म्हणे त्याला शेतकरी संघटनेने ‘कर्जमुक्ती’ म्हणण्याचा आग्रह धरला. माफी गुन्हेगाराला दिली जाते आणि शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, असे त्यामागचे म्हणणे होते. पुढे महाराष्ट्र शासनाच्या २०१९ च्या योजनेच्या नावातही ‘कर्जमुक्ती’ हाच शब्द आला.

मराठीतील फारसी शब्दांचा अभ्यास करणाऱ्यांना माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांच्या १९२५ च्या ‘फारसी-मराठी कोशा’ची ओळख असते. त्यांचा जन्म आपल्या बडोद्याचा. सयाजीराव महाराजांच्या काळात राज्यकारभारातील शब्दांना अनेक भाषांतील प्रतिशब्द देणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोशही बडोद्यातच तयार झाला. कायद्याचा शब्द लोकांना कळला पाहिजे, हा विचार या शहराला नवा नाही.

शेजारचे शब्द

*दिलगिरी.* हा फारसी शब्द आहे. ‘दिल’ म्हणजे मन आणि ‘गीर’ म्हणजे धरलेले. मन खिन्न झाले आहे एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘दिलगिरी व्यक्त करणे’ आणि ‘माफी मागणे’ या वेगळ्या गोष्टी आहेत. दिलगिरी व्यक्त करणारा ‘मला वाईट वाटते’ म्हणतो. ‘मी चुकलो’ हे त्याने म्हटलेले नसते. पुढारी आणि संस्था माफीऐवजी दिलगिरी का निवडतात, हे यावरून ध्यानात येते. ‘खेद’ तर त्याहूनही दूरचा. पाऊस पडला तरी खेद व्यक्त करता येतो.

*बक्षणे.* ‘जीव बक्षला’ असे आपण म्हणतो. मूळ फारसी क्रियापदाचे अर्थ दोन, देणे आणि क्षमा करणे. ‘बक्षीस’ त्यातूनच आले. इथे माफी ही देणगी आहे. देणगी हक्काने मागता येत नाही.

*दया.* समोरच्याच्या दुःखाने मन द्रवणे म्हणजे दया. फाशीच्या कैद्याचा अर्ज ‘दयेचा अर्ज’ असतो, कारण त्याचा न्यायाचा मार्ग तोवर संपलेला असतो.

*अभय आणि कौल.* पूर्वी बंडखोराला किंवा पळून गेलेल्या रयतेला परत येण्यासाठी सरकार अभयपत्र किंवा कौल देत असे. तुम्ही या, तुम्हाला त्रास होणार नाही, असे ते वचन असे. गोव्यात आणि कोकणात देवळात कौल लावतात तोही याच शब्दाचा वापर. तिथे शब्द देवाचा असतो.

*चूकभूल द्यावी घ्यावी.* ‘चू. भू. द्या. घ्या.’ या चार अक्षरांत दोन्ही बाजू समान पातळीवर आहेत. माझी चूक असेल तर तुम्ही सांभाळा, तुमची असेल तर मी सांभाळीन. वरिष्ठाने कनिष्ठाला द्यायची ही माफी नव्हे. व्यवहार चालू राहावा म्हणून केलेला हा करार आहे.

आसपासच्या भाषांत

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या कानावर याच अर्थाचे इतर शब्दही येतात. गुजरातेत पर्युषणाच्या शेवटी, संवत्सरीला, जैन शेजारी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, असा त्याचा अर्थ. दिगंबर जैनांचा दशलक्षण पर्व उत्तम क्षमेने सुरू होतो आणि त्यानंतर क्षमावाणी येते. बेळगाव परिसरातल्या जैन घरांना ही प्रथा जवळची आहे. यातला विशेष असा की, या दिवशी क्षमा मागितलीही जाते आणि दिलीही जाते. आधी कोण चुकले हे ठरवण्याची वाट पाहिली जात नाही.

कोंकणीत क्षमा करणे याला ‘भोगसप’ असा शब्द आहे आणि गोव्यातील ख्रिस्ती प्रार्थनांत तो नेहमी येतो. मराठी कानाला त्यात ‘भोगणे’ ऐकू येते, आणि ‘क्षम्’ म्हणजे सोसणे हा अर्थ आठवतो. कन्नड भाषक चूक झाली की ‘तप्पायितु’ म्हणतात, म्हणजे ‘चूक झाली’. आपले ‘चुकलं माझं’ याच्या अगदी जवळचे. त्यात मागणे काहीच नाही, फक्त कबुली आहे. ऐकणाऱ्याने काय करायचे ते त्याच्यावर सोडलेले असते.

कायद्यात माफी कोण देऊ शकतो?

शब्दांवरून एक गोष्ट दिसते. क्षमा ज्याने सोसले तो करतो, आणि माफी ज्याच्याकडे वसुलीचा अधिकार आहे तो देतो. फौजदारी कायद्यात गुन्हा हा केवळ व्यक्तीविरुद्ध नव्हे, तर समाजाविरुद्ध मानला जातो आणि खटला शासन चालवते. शिक्षेची वसुली शासनाची, म्हणून शिक्षेची माफीही शासनाची.

राजाचा हा अधिकार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवा प्रदेश जिंकल्यावर, युवराजाला अभिषेक झाल्यावर किंवा राजपुत्राच्या जन्माच्या वेळी कैद्यांना सोडण्याचा उल्लेख आहे. १ नोव्हेंबर १८५८ च्या व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्यात उठाव करणाऱ्यांना माफी देऊ केली होती, मात्र ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतल्याचे सिद्ध झालेल्यांना त्यातून वगळले होते. स्वातंत्र्यानंतर हा अधिकार राज्यघटनेत आला. राष्ट्रपतींना तो अनुच्छेद ७२ ने आणि राज्यपालांना अनुच्छेद १६१ ने मिळतो. मृत्युदंडाची सर्व प्रकरणे, लष्करी न्यायालयाच्या शिक्षा आणि केंद्राच्या अखत्यारीतील कायद्यांखालचे गुन्हे राष्ट्रपतींकडे येतात. राज्याच्या अखत्यारीतील कायद्यांखालचे गुन्हे राज्यपालांकडे येतात.

या अधिकाराचे प्रकार असे :

– पूर्ण क्षमा : शिक्षा जाते आणि दोषी ठरल्याचे परिणामही जातात.
– शिक्षा सौम्य करणे : शिक्षेचा प्रकारच बदलतो. उदाहरणार्थ, फाशीऐवजी जन्मठेप.
– सूट : शिक्षेचा प्रकार तोच राहतो, मुदत कमी होते. दोष मात्र कायम राहतो.
– विशेष कारणाने कमी शिक्षा : गर्भारपण, आजारपण अशा कारणांसाठी.
– तहकुबी : शिक्षेची अंमलबजावणी काही काळ थांबवणे. दयेचा अर्ज विचाराधीन असताना फाशी थांबते ती अशी.

वृत्तपत्रांत या पाचांनाही सरसकट ‘माफी’ म्हटले जाते, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. शिक्षेत सूट मिळालेला कैदी निर्दोष ठरलेला नसतो.

राष्ट्रपती किंवा राज्यपाल हा निर्णय स्वतःच्या मर्जीने घेत नाहीत. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच तो घ्यायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मारू राम प्रकरणात स्पष्ट केले. १९८८ च्या केहर सिंग प्रकरणात न्यायालयाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. दयेच्या अर्जावर विचार करताना राष्ट्रपती पुरावा स्वतः तपासून पाहू शकतात, पण त्यामुळे न्यायालयाचा निकाल बदलत नाही. निकाल आणि दया हे दोन वेगळे अधिकार आहेत.

दयेच्या अर्जाची पद्धत आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. फाशीची शिक्षा झालेला कैदी, त्याचा वारस किंवा अन्य नातेवाईक अर्ज करू शकतात. अपील फेटाळल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. आधी राज्यपालांकडे केला असेल आणि तो नामंजूर झाला, तर तिथून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे जाता येते.

विलंबाचाही परिणाम होतो. २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दयेच्या अर्जांवरील अवाजवी विलंब आणि इतर कारणांसाठी १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. अर्ज नामंजूर झाल्याचे कळवल्यानंतर फाशीपर्यंत किमान १४ दिवसांचे अंतर असावे, असाही नियम घालून दिला. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींची फाशीही जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून जन्मठेपेत बदलली. त्यांचा गुन्हा न्यायालयाने सौम्य मानला नाही. मृत्यूच्या छायेत वर्षानुवर्षे ठेवणे ही शासनाची चूक आहे, एवढेच मानले.

नानावटी प्रकरण : दोन सह्या

शासनाची माफी आणि माणसाची क्षमा यांतील फरक महाराष्ट्रातील एका गाजलेल्या प्रकरणात स्पष्ट दिसतो. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले, पण सत्र न्यायाधीशांनी हा कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपालांनी ती शिक्षा तहकूब केली. हा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात विचाराधीन असताना राज्यपालांच्या या आदेशाचा अंमल चालणार नाही, असे घटनापीठाने ठरवले. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली.

१९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याआधी मृत प्रेम आहुजांची बहीण मामी आहुजा यांनी या माफीला आपली हरकत नसल्याचे लिहून दिले होते. या संमतीशिवाय राज्यपालांना माफी देता आली नसती असे कायदा म्हणत नाही. तरीही ती संमती घेतली गेली. राज्यपालांच्या सहीने तुरुंगाचे दार उघडले. बहिणीच्या सहीचा कायद्याने काहीच अर्थ नव्हता, पण ती नसती तर त्या माफीकडे लोकांनी वेगळ्या नजरेने पाहिले असते.

शिक्षेत सूट : कोणत्या राज्याने?

दोन राज्यांशी नाते असलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा मुद्दा उपयोगी आहे. संहितेच्या कलम ४७३ खाली शिक्षेत सूट देण्याचा अधिकार ‘समुचित शासना’ला आहे. साधारणतः ज्या राज्यातील न्यायालयाने शिक्षा दिली ते राज्य, हा त्याचा अर्थ. गुन्हा कुठे घडला किंवा कैदी कुठल्या तुरुंगात आहे, यावर ते ठरत नाही. २००२ च्या गुजरात दंगलींतील सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या एका खटल्यात हे ठळकपणे दिसले. गुन्हा गुजरातेत घडला होता, पण खटला मुंबईत चालला. गुजरात शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये ११ दोषींना मुदतीआधी सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो आदेश रद्द केला, कारण हा अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता. त्या आदेशाविरुद्ध न्यायालयात जाणाऱ्यांत स्वतः पीडित महिलाही होती.

‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षे’ हा सार्वत्रिक गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे उर्वरित आयुष्यभराची शिक्षा. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगवास झाल्याशिवाय कलम ४७३ खालची सूट देऊन सोडता येत नाही, असा कलम ४७५ चा अर्थ आहे. चौदा वर्षांनंतर सुटका आपोआप होत नाही.

माफीचा साक्षीदार

कटात सामील असलेल्या एखाद्याला न्यायालय माफी देऊ करते आणि त्या बदल्यात त्याने सगळी खरी हकिगत सांगायची असते. संहितेच्या कलम ३४३ ते ३४५ मध्ये ही तरतूद आहे. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यात टोळीतील एक साथीदार असाच माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

इथली माफी म्हणजे सरळ सौदा आहे. पश्चात्ताप ही तिची अट नाही, सत्यकथन ही आहे. साक्षीदाराने काही लपवले किंवा खोटे सांगितले तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर वेगळा खटला चालू शकतो. तो आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते. त्याच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा आधार असावा, अशी न्यायालयांची सावधगिरीची रीत आहे.

फिर्यादीला माफ करता येते का?

होय, पण ठराविक गुन्ह्यांत. कायदा याला तडजोड म्हणतो. कलम ३५९ मध्ये त्यासाठी दोन तक्ते आहेत. साधी दुखापत, बदनामी यांसारख्या पहिल्या तक्त्यातील गुन्ह्यांत पीडित व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय तडजोड करू शकते. दुसऱ्या तक्त्यातील गुन्ह्यांना न्यायालयाची परवानगी लागते. तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच परिणाम होतो, म्हणून सही करण्याआधी विचार करावा. पीडित अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पालक न्यायालयाच्या परवानगीनेच तडजोड करू शकतात.

खून, बलात्कार, दरोडा हे गुन्हे या तक्त्यांत नाहीत. तिथे कुटुंबाने लेखी माफी दिली तरी खटला चालतो. काही प्रकरणे खासगी स्वरूपाची असतील तर समेट झाल्यावर उच्च न्यायालय ती रद्द करू शकते, असे २०१२ च्या ज्ञान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण त्याच निकालात खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गंभीर गुन्ह्यांना त्यातून वगळले.

संसारातील क्षमा

घटस्फोटाच्या कायद्यात क्षमेला थेट स्थान आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार जोडीदाराच्या क्रूर वागण्याला एकदा क्षमा केली असेल, तर त्याच कारणावर घटस्फोट मिळत नाही. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा १९७५ चा निकाल या विषयावर आजही आधारभूत मानला जातो. तो न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला. क्रूरता सिद्ध झाली तरी नंतर पतिपत्नी नेहमीसारखे एकत्र राहिले असतील तर क्षमा झाली असे मानता येते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ही क्षमा सशर्त असते. तसेच वागणे पुन्हा सुरू झाले तर जुनी तक्रार पुन्हा उभी राहते. ‘एकदा पदरात घेतलं ना, मग आता काय’ असे सुनेला किंवा जावयाला सांगणाऱ्यांनी ही अट लक्षात ठेवावी.

न्यायालयाची माफी मागणे

न्यायालयाच्या अवमानाबद्दल ‘बिनशर्त माफी’ मागितल्याच्या बातम्या येतात. १९७१ च्या अवमान कायद्याच्या कलम १२ नुसार माफीने न्यायालयाचे समाधान झाले तर शिक्षा रद्द होऊ शकते. माफी मनापासून असेल तर ती केवळ सशर्त आहे म्हणून नाकारू नये, असेही याच कलमात म्हटले आहे. म्हणजे इथे शब्दांपेक्षा हेतू मोठा. शिक्षा टाळण्यापुरती मागितलेली माफी मान्य करण्याचे बंधन न्यायालयावर नाही.

कुटुंबांसाठी थोडक्यात

– शासन शिक्षा माफ करते. त्यामुळे पीडिताने क्षमा केली असे होत नाही, आणि तशी सक्ती त्याच्यावर कोणी करू शकत नाही.
– पीडिताने मनाने क्षमा केली तरी गंभीर गुन्ह्याचा खटला चालू राहतो. साक्षीला बोलावल्यास जावे लागते आणि खरे सांगावे लागते. क्षमा करूनही खरी साक्ष देता येते, दोन्हींत विरोध नाही.
– ‘समझोत्या’च्या कागदावर सही करण्यापूर्वी गुन्हा तडजोडीचा आहे का, न्यायालयाची परवानगी लागते का, हे वकिलाला विचारावे.
– वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.
– संस्थेच्या पत्रात चूक आपली असेल तर ‘दिलगिरी’ लिहून थांबू नये. काय चुकले ते एका वाक्यात सांगून ‘क्षमा करावी’ लिहावे.

शिक्षा माफ होण्यासाठी शासनाच्या शिक्क्याची गरज असते. क्षमेला तसा कागद लागत नाही. ती केव्हा करायची, आणि करायची की नाही, हे ज्याने सोसले त्यालाच ठरवू द्यावे. घरच्यांनी त्याला घाई करू नये.